अंगणात कुणाशेजारी कोण?

आमच्या घराचं तोंड पश्चिमेला. दुपारनंतरचं ऊन आधी आमच्या अंगणात उतरतं आणि उरलंसुरलं बाकीच्या लातूरला मिळतं. तिथं बाग करायची ठरली आणि कोणतं झाड कुणाशेजारी लावायचं यावर घरात ग्रामसभा भरली.

बायकोला गुलाब आणि बोगनवेल शेजारी-शेजारी हवी होती. अडचण एवढीच की गुलाबाला वेळेवर पाणी लागतं, आणि बोगनवेलीचं पाणी तोडल्याशिवाय ती मनासारखी फुलत नाही. लाडानं पाणी पाजलं की नुसता पाला. एका आळ्यात बसवलं तर एकाचा घसा कोरडा पडणार, नाहीतर दुसरी माजणार. हे मी सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "दोघांनाही काटे आहेत, घेतील जमवून."

शिवाय पाणी आणायचं कुठून? 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं गाव. इथं हिरवळीचं नाव काढलं तरी माणसं आधी बोअरची खोली विचारतात.

म्हणून मी कण्हेर सुचवली. उन्हाला भीत नाही, पाण्यासाठी अडत नाही, मोकाट शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. आई म्हणाली, "शेळीला कळतंय ते तुला कळंना का? विषारी झाड दारात, अन् घरात लेकरं!" कण्हेर बाद. आईला जास्वंद हवी होती, गणपतीसाठी. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागतो, तो एक वेळ धुऊन काढता येतो. पण आमच्या गल्लीत पहाटे फिरायला निघणारे भाविक रिकामी पिशवी घेऊनच निघतात. कुंपणाबाहेर डोकावणारं फूल सार्वजनिक, आणि कुंपणाआतलं हात पोचेल तिथवर सार्वजनिक. त्यावर औषध कुठल्याच कृषी केंद्रात मिळत नाही.

मग शेजारचे अण्णा आले. उभा जन्म शेतकी खात्यात गेलेला, त्यामुळं त्यांना अंगणसुद्धा शिवार दिसतं. सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन ओळी, हे त्यांचं जगाकडं बघण्याचं सूत्र. "झेंडू लावा," ते म्हणाले. "मुळांमुळं सूत्रकृमी, म्हंजे मातीतले बारीक जंत, कमी होतात. शिवाय टमाट्यावरची अळी आधी झेंडूवर जाते."

"अण्णा, आम्ही टमाटे लावणार नाही."

"मग लावा की!"

रोपवाटिकेतला पोरगा प्रत्येक कुंडीपुढं एकच वाक्य म्हणत होता, "हे मरत नसतंय साहेब." अर्धी रोपं तिथंच माना टाकून उभी होती. शेवटी भिंतीला बोगनवेल, तिच्यापुढं तिच्याइतकीच काटकसरी सदाफुली, पायरीशी चिनी गुलाब ठरला. तो सकाळी ऊन चढल्यावर उघडतो आणि दुपारीच मिटतो. आमच्या ओळखीच्या एका कचेरीची आठवण येते, पण ते जाऊ द्या. खरा गुलाब कुंडीत, म्हणजे त्याचं पाणी त्याच्यापाशी. सदाफुलीच्या मुळाशी पाणी साचलं तर ती कुजते आणि आमची काळी माती पावसात चिखल धरते, म्हणून तिच्यासाठी वाळू घालून उंचवटाही केला.

मी दोरी धरून मधल्या जागेत खुणा करायला लागलो, तशी आई पायरीवर येऊन उभी राहिली.

"मधी काय बी लावू नको. उन्हाळ्यात तिथं कुरडया घालायच्या असतात."

अण्णांनी कुंपणापलीकडून जागेचा अंदाज घेतला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "कुरडयाच्या चार ओळी बसतील. कडंनं दोन तुरीच्या टाकू."