इंजिन पेटवायचं कुठे?

‘इस्रो आहे ना, मग कॉलेजच्या पोरांनी हे जिवावरचे उद्योग कशाला करायचे?’ कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या ‘स्टारसेलर’ रॉकेटचा विषय काढला की पुण्यातले नातेवाईक हेच विचारतात. त्यांची काळजी खोटी नाही. अशा इंजिनात इंधन जाळायला लागणारा द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो आणि झडपेत तेलाचा थेंब राहिला तरी भडका उडू शकतो.

पण खरं शिक्षण तिथेच आहे. 2018 मध्ये हाती घेतलेलं, सुमारे 13 मीटर उंचीचं हे रॉकेट उत्तर क्वेबेकमधल्या क्री या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशातून उडालं ते 15 ऑगस्ट 2025 ला. अवकाशाची 100 किलोमीटरची सीमा गाठण्याआधीच ते तुटलं. तरीही मला ते फसलेलं वाटत नाही. इतक्या वर्षांत मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, नवी आली. जुन्यांनी टिपून ठेवलेली प्रत्येक चाचणी, प्रत्येक गळती नव्यांनी समजून घेतली. हे वर्गात बसून येत नाही.

आपली मुलं कमी नाहीत. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह जून 2016 मध्ये आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून कक्षेत गेला. मात्र उपग्रह बांधणाऱ्याला इस्रोचं रॉकेट मिळतं. इंजिन बांधणाऱ्याने ते पेटवायचं कुठे? आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या ‘अग्निकुल’ने 30 मे 2024 ला श्रीहरिकोट्याहून स्वतःच्या द्रवइंधन इंजिनावर उड्डाण केलं, पण ती कंपनी होती. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने कंपनी काढेपर्यंत थांबायचं का?

परदेशात सगळं खुलं आहे, असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत रॉकेटचं तंत्रज्ञान शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे आपल्याकडून गेलेल्या मुलांना इंजिनाच्या कामात हात घालणं अवघड जातं. म्हणूनच ही सोय मायदेशी हवी. क्वेबेकसारखी शेकडो किलोमीटर ओसाड जमीन महाराष्ट्रात नाही, हेही खरं. पण इंजिन जमिनीला जखडून पेटवायला तेवढी लागतही नाही. वस्तीपासून दूर जाड भिंतींचा एक चाचणीतळ, लांबून चालणारं नियंत्रण, आणि ‘आज नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार असलेला, इस्रोतून निवृत्त झालेला एखादा अभियंता. राज्यातल्या सगळ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून हे एकदा उभारावं आणि तिथल्या कामाला पदवीचे गुण द्यावेत, इंजिन फुटलं तरीही.