दहाचं तेल, पावशेर डाळ

संभाजीनगरात आमच्या मुकुंदवाडीच्या बाजूला गल्लीबोळातली किराणा दुकानं एकेक करून बंद व्हायलीत. कुणाचा पोरगा पुण्याला गेला, कुणाला गाळ्याचं भाडं झेपेना, कुणाची उधारी एवढी बुडाली की मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, ठोकवाल्यानं माल द्यायचं थांबवलं. रिकाम्या झालेल्या एका गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकलीत, दुसऱ्यात फायनान्सवाल्यांचं ऑफिस आलंय. या ऑफिसाबद्दल पुढं बोलतो.

हा विषय काढला की दोन उत्तरं ठरलेली. "अहो, मार्ट झालंय की, तिथं स्वस्त मिळतं." नाहीतर, "रेशन फुकट आहे, आणखी काय पाहिजे?"

मार्टमध्ये स्वस्त मिळतं हे खरंच आहे. मीही महिन्याचा बाजार तिथूनच भरतो, उगं खोटं कशाला बोलू. पण तिथला स्वस्तपणा पाच लिटरच्या डब्याला आणि दहा किलोच्या थैलीला असतो. ज्याला संध्याकाळी कामावरून सुटताना हजेरीचे पैसे मिळतात, त्याचा बाजार म्हणजे पावशेर डाळ, दहाचं तेल, पाचची हळद, पाचची चहापत्ती. तेवढ्यासाठी शेअर रिक्षाला जाता-येता पैसे मोजून मार्टात जाणं म्हणजे डाळीपेक्षा रिक्षा महाग.

सुटं तेल विकायला २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. भेसळीची भीती खोटी नाही, बंदीमागचं कारणही पटतं. तरी वस्तीत ते विकलं जातं, कारण खिशात दहा रुपये असणाऱ्याला दहाचंच तेल लागतं. धान्याचं वेगळं. १८ जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. गोणीतून काढून तराजूवर तोलून दिलेल्या मालाला तो नाही. गोणीचं तोंड उघडं ठेवणारा दुकानदार गेला, की पावशेर डाळ घेणारी बाईसुद्धा कराच्या पाकिटावर जाते.

पण माझ्या मते या दुकानांतला सगळ्यात महत्त्वाचा माल फळीवर नसायचाच. तो उधारीच्या वहीत असायचा. आमच्या गल्लीतले दुकानदार आप्पा "बाकी किती झाली?" असं विचारायचे, त्या आवाजात थोडी कुरकुर असायची, पण तराजू थांबायचा नाही. एमआयडीसीत ठेकेदाराचा पगार दहा तारखेचा पंधराला होतो, पाऊस लागला की मिस्त्रीकाम बंद पडतं, घरात कुणी आजारी पडलं की पहिली कात्री पोटालाच लागते. असे आठ-दहा दिवस निभावून नेणारी सोय म्हणजे ती लाल वही. आधार कार्ड नको, कर्जासाठी बघतात तो सिबिल स्कोअर नको. बाई कुणाची, नवरा कुठं कामाला, दारू पितो की नाही, एवढी माहिती बास.

आप्पा काही संत नव्हते. उधारीवाल्याला तूरडाळ चार रुपये चढीच लागायची. काट्याबद्दलही बायका कुजबुजायच्या. २०१५च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, तेव्हा आप्पांनी डाळ उधार देणं सरळ बंद केलं होतं. आपण लातूरच्या शेजारचे, देशाला डाळ पुरवणाऱ्या बाजाराच्या अंगणातले, आणि आमच्या गल्लीत त्या दिवाळीत वरण पातळ झालं होतं. तरी चार रुपये चढं देणारा आप्पा आणि आठवड्याच्या हप्त्याला दारात येऊन बसणारा फायनान्सवाला, यात निवड करायची तर मी आप्पाच निवडीन. आप्पांनी कधी शेजारणींना गोळा करून "हिचा हप्ता तुम्ही भरा" म्हटलं नाही. पूर्वी पीठ-मिठासाठी वही होती, आता पीठ-मिठासाठी गटाचं लोन, म्हणजे एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा असलं कर्ज, काढणाऱ्या बाया मला माहीत आहेत. जुन्या किराणाच्या गाळ्यात ते ऑफिस आलं याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

आता रेशन. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरिबांना, कुटुंबामागं ३५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून फुकट. त्या धान्यानं कितीतरी घरं तगलीत, रेशनला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण मिळतं काय? गहू आणि तांदूळ. आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या तसं, "भात लेकरं खातेत भाऊ, पण वरण कशाचं करू?" शिवाय शहरात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये ठेवली. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. मुकुंदवाडीत खोलीभाडं देऊन राहणारा कोणता मजूर यात खरोखर बसतो?

दुसरी गंमत आपल्या मराठवाड्याची. आठही जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २ रुपये किलोनं गहू आणि ३ रुपये किलोनं तांदूळ मिळायचा. २०२३मध्ये धान्याऐवजी खात्यात रोख द्यायचं ठरलं, माणशी महिना १५० रुपये. पैशानं माल घ्यायचा म्हणजे माल विकणारं कुणीतरी जवळ लागतं, आणि १५० रुपयांत पाच किलो धान्य बसायला लागतं. ठरवणाऱ्यांनी यातलं नेमकं काय गृहीत धरलं होतं कुणास ठाऊक.

"मोठी कंपनी येईल, सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्यांनी शिकागोकडं बघावं. तिथल्या इंगलवूड या गरीब भागात २०१६मध्ये होल फूड्स या मोठ्या किराणा कंपनीचं दुकान वाजतगाजत उघडलं. पालिकेनं त्या जागेसाठी एक कोटी डॉलरहून जास्त घातले होते. २०२२च्या नोव्हेंबरात दुकान बंद. २०२३च्या एप्रिलमध्ये वॉलमार्टनं त्याच शहरातली आपली चार दुकानं बंद करायचं जाहीर केलं. दूरच्या ऑफिसात बसून ताळेबंद बघणाऱ्याला गल्ली दिसत नाही, तोट्याची शाखा दिसते. आपल्याकडं अजून ती वेळ आलेली नाही, कारण छोटी दुकानं पूर्ण संपलेली नाहीत. तोवरच काय ते करायला पाहिजे.

करायचं काय, तर तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलो आणि पामतेल २५ रुपये लिटर मिळतं, सणाला नाही, दर महिन्याला. आपल्याकडं २०२२च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल दिलं, त्याला आनंदाचा शिधा म्हटलं. आनंद सणापुरता आणि डाळ-तेलही सणापुरतंच. ते महिन्यावर आणा. रेशन दुकान महिनाभर उघडं ठेवा. दुकानदाराचं कमिशन वाढवा, नाहीतर तोही उद्या मोबाइलची कव्हरं विकेल. पालिकेचे पडून असलेले गाळे वस्तीतल्या बचत गटांना नाममात्र भाड्यानं द्या, मोंढ्यातून ठोकानं माल उचलायला खेळतं भांडवल द्या. वही त्या बायका स्वतःच चालवतील. कुणाला किती उधार झेपतं ते त्यांना बँकेपेक्षा चांगलं कळतं.

बुडीत उधारीचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. काही बुडेल. मोठमोठ्या कर्जांचं बुडणं आपण पेपरात वाचून पान उलटतो, तर नारेगावातल्या एखाद्या बाईची चारशे रुपयांची बाकी सोसायला काय हरकत आहे?

जालना, परभणी, नांदेडची मंडळी, तुमच्या वस्तीत दहाचं तेल आणि पावशेर डाळ देणारं दुकान अजून चालू आहे का? त्यात वही आहे, की "उधार बंद" ही पाटी लागलीय? खाली लिहा.