‘खड्डा बुजवत का नाही?’ – आमच्या खडीखाणीवरच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आमच्या क्रशरने डोंगराचा लचका तोडला, वरच्या अंगाचं काम थांबलं तरी खड्डा जसाच्या तसा आहे, झाडं म्हणाल तर दाखवण्यापुरत्या काटक्या, आणि शहरातला राडारोडा फुकट मिळत असताना तो टाकून खड्डा बुजवायला आम्हाला कोण अडवतंय. खाणीमुळे विहिरींच्या पाण्याची पातळी खाली जाते का, अशी शंकाही मांडलीय. तुमचं शेत खाणीला लागून आहे हे लिहिण्यावरून कळतं. म्हणून आभाराच्या दोन ओळी लिहून हा विषय मिटवणार नाही.

राडारोड्याचं आधी बोलतो, कारण त्याबाबत मी ठाम आहे. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतः फारसं पाणी धरत नाही. पाणी फिरतं ते त्याच्या भेगांतून आणि मधल्या सच्छिद्र थरांतून, आणि खाणीत हेच थर उघडे पडलेले असतात. पाडलेल्या बांधकामाबरोबर सिमेंट, रंग, डांबर, प्लास्टिक, काय काय येतं. पावसाचं पाणी त्यातून झिरपून तुमच्या-आमच्या विहिरींत उतरणार. बांधकाम-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो माल ठरलेल्या केंद्रावरच जायला हवा. रात्री डंपर खाली करू द्या म्हणून विचारणारे भेटतात. आमचं उत्तर ‘नाही’ असतं आणि तेच राहील.

खड्डा पूर्ववत भरता येत नाही हेही सरळ सांगतो. तिथला दगड खडी होऊन रस्त्यात आणि स्लॅबमध्ये गेला. त्याच्या जागी भरायला तेवढा माल गावात नाही. हातात उरतं ते म्हणजे कडा सुरक्षित करणं, माती टिकवणं आणि साठलेलं पाणी स्वच्छ ठेवणं. उभा कडा आम्ही पायऱ्यांसारख्या बेंचमध्ये उतरवला आहे आणि प्रत्येक बेंचचा उतार आतल्या बाजूला ठेवलाय, म्हणजे पाणी माती घेऊन तुमच्या बांधावर येत नाही. तळ्याच्या एका अंगाला रुंद, सावकाश उतरणारी वाट ठेवली आहे. माणूस किंवा जनावर चुकून पाण्यात गेलंच तर तिथून वर येता यावं. तारेचं कुंपण आहेच, पण पोहायला येणारी पोरं कुंपण वाकवतात. उन्हाळ्यात खाणीच्या पाण्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आणि अंगावर काटा येतो. घरी पोरांना तुम्हीही बजावा, ही हात जोडून विनंती.

आता काटक्यांचं. खाण उघडताना वरची माती वेगळी काढून ठेवली होती. तिचे ढीग मुद्दाम बुटके ठेवून त्यावर ताग पेरला. उंच ढिगात खालच्या मातीला हवा मिळत नाही, तिच्यातला जीव जातो आणि मग तिच्यात काही नीट रुजत नाही. तीच माती बेंचवर मुरमाच्या थरावर पसरली आणि आधी गवत धरलं: मारवेल आणि पवना. कुसळी आपोआप आली. खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी दिला, तो चराईच्या जनावरांचा विचार करून. गवताने माती बांधली की मग झाडं. आम्ही बोर, पळस, करंज, हिवर लावलेत. ही झाडं पहिली काही वर्षं मुळं खोल नेतात, वर काटकीच दिसते. गिरिपुष्प लावलं असतं तर आज सगळं हिरवंगार दिसलं असतं आणि तुम्ही कदाचित पाच तारे दिले असते. पण त्याचा पाला बहुतेक जनावरं तोंडात घेत नाहीत आणि त्याच्या दाटीत आपलं गवत मागे पडतं.

हे जगतंय की मरतंय ते नुसतं बघून ठरवत नाही. बेंचवर लोखंडी सळया ठोकून जमिनीच्या पातळीला लाल रंगाची खूण केली आहे. मोठा पाऊस झाला की खुणेखाली सळई किती उघडी पडली ते पट्टीने मोजायचं, तेवढी माती गेली. दिवाळीच्या सुमारास मीटरभराची चौकट गवतावर टाकून आत किती जमीन झाकली ते वहीत लिहितो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या बेंचवर ऊन फार लागतं, तिथे गवत विरळ आहे आणि वहीतही तसंच लिहिलंय. या पावसाळ्याआधी तिथे शेणखत टाकून पुन्हा बी पेरणार आहोत. किती दगड काढला याची मोजणी महसूल खातं करतं, ती वेगळी.

पाण्याच्या पातळीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. खाणीभोवतीच्या विहिरी मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये दोरी सोडून मोजतो, पण ज्यांनी होकार दिला त्यांच्याच. तुमची विहीर त्यात धरायला हवी. चालत असेल तर ऑफिसात निरोप ठेवा. मोजताना तुम्ही उभे राहा आणि आकडा तुमच्याही वहीत लिहून घ्या. बेंच बघायचे असतील तर रविवारी सकाळी या, त्या दिवशी सुरुंग आणि क्रशर दोन्ही बंद असतात. हेल्मेट इथे मिळेल, पायात बूट मात्र घालून या.