पासिंग कुठलं?

बेळगावात सेकंड हँड गाडी बघायला गेलं, की इंजिन, टायर, चेन वगैरे मंडळी नंतर येतात. पहिला प्रश्न एकच. पासिंग कुठलं? पुण्याच्या माणसाला हा प्रश्न फारसा छळत नाही. आम्ही मात्र नुसतं चहा प्यायला शिनोळीपर्यंत गेलो तरी राज्य बदलतं. त्यामुळे आमच्याकडं अॅडव्हेंचर टूरर, म्हणजे लांबच्या आणि खडबडीत रस्त्यांची मोटरसायकल घ्यायची, तर आधी राज्य पसंत करायचं आणि मग त्यातल्या त्यात गाडी.

खरं तर मला गाडी आत्ता घ्यायचीच नाही. पुढंमागं घ्यायची आहे. सध्याची स्प्लेंडर उत्तम चालते आणि हीच मोठी अडचण आहे. ती चार वेळा रस्त्यात बंद पडली असती, तर घरात विषय काढायला तोंड राहिलं असतं. पण ११२ किलोची ही बया भर पावसात जांबोटीमार्गे कणकुंबीला जाऊन येते आणि वर पेट्रोलही पीत नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे म्हणतात. जुलैत त्या रस्त्यानं गेलं, तर ती दर खड्ड्यात उगम पावलेली दिसते. अशा रस्त्याला लांब सस्पेन्शनची, पुढं एकवीस इंची चाकाची गाडी लागते, हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

"मग रोज कोण जाऊलालंय कणकुंबीला?" ती म्हणाली.

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळं मी संशोधनाला लागलो.

कोल्हापूरच्या गाड्या आधी डोळ्यांत भरतात. एमएच झिरो नाइन, भाव बरा, फोटोत गाडी धुतलेली, मागं पंचगंगेचा घाट. पण ती गाडी इकडं आणायची, तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग इकडं नवा नंबर आणि कर्नाटकाचा आजीव कर. लाखावरच्या दुचाकीला तो १८ टक्के. गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो, तरी आकडा ऐकल्यावर माणूस खुर्ची शोधतो. तिकडं आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, तो तिकडच्याच दारात. "तेवढं तुम्ही बघून घ्या," असं विकणारा फार मोठ्या मनानं सांगतो.

मेहुण्याकडं यावर तोड होती. "बारा महिने चालत्या की वो भावजी, नंबर न बदलता. अकराव्या महिन्यात चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात, जाऊन एक मिसळ खाऊन यायचं. पुन्हा बारा महिने चालू!" मोटार वाहन कायद्यात मिसळीचं कलम नाही, हे त्याला पटवता आलं नाही.

मी दुसरी तोड काढली. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल आपल्या बाजूनं लागला, तर कोल्हापूरच्या गाडीवरचा माझा कर वाचतो. तोवर थांबावं, असं मी घरात जाहीर केलं. बायकोच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. "थांबा की मग," ती म्हणाली. "घाई कसली हाय?"

गोव्याच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. त्यांना खाऱ्या हवेचा गंज. टाकी चकचकीत असते, पण खाली वाकून स्पोक, सायलेन्सरचा जोड, स्टँडची स्प्रिंग बघावी. दुसरी शंका भाड्याची. तिथं भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी लावून कुणी भाड्यानं दिली नसेलच, असं मात्र नाही. "रेंटाक केन्नाच दिवंक ना पात्रांव," असं म्हापशाच्या एकानं शपथेवर सांगितलं. मी फूटरेस्टचं रबर बघितलं. मीटरवर आठ हजार आणि रबराला नक्षीच उरली नव्हती. मीटर एखादवेळी गप्प बसतो, रबर बसत नाही.

आता उरलं आपलं केए. ट्वेंटी टू पासिंगची गाडी गावातलीच, म्हणजे तिचा इतिहास सगळ्यांना पाठ. कुणाच्या पोरानं कुठल्या गटारात घातली होती, हे गाडी बघायच्या आधी कळतं. मालकाला मात्र तेवढं आठवत नसतं. बेंगळुरूला गाड्या रग्गड, आयटीवाल्यांनी हौसेनं घेतलेल्या आणि दीड वर्षात कंटाळलेल्या. कागद एकाच राज्याचे, कराची भानगड नाही. पण पाचशे किलोमीटर गाडी बघायला जायचं, तर ते अंतर जायला आधी एक टूरर पाहिजे.

मॉडेलच्या बाबतीत मी उदार होतो. फोनवर सगळ्याच गाड्या माझ्या उंचीच्या वाटतात. केटीएम ३९० अॅडव्हेंचर बघायला गेलो. २०२० सालची, सीट ८५५ मिलिमीटरवर. विकणाऱ्या पोरानं हात देऊन वर चढवलं, आणि कठड्यावर बसवलेल्या पोरासारखे माझे पाय दोन्हीकडं लोंबायला लागले. "घाटात दोन्ही पाय कशाला टेकायचे अंकल?" तो म्हणाला. घाटातच टेकायचे असतात, बाबा. चोर्ल्यात समोरून ट्रक आला, मागं उतार आणि बाजूला चिखल, की अंकलला दोन्ही पाय लागतात. शक्य असतं तर तिसराही टेकला असता.

बेनेली टीआरके ५०२ चं नाव काढलं, तर आमच्या मेस्त्रीनं फक्त वजन विचारलं. मी २३५ किलो म्हटलं. "पडली की मला फोन करू नकोस, क्रेनवाल्याला कर," म्हणाला आणि पुन्हा कार्बोरेटरात तोंड घातलं. सुझुकीची व्हीस्ट्रॉम ६५० माझी खरी आवडती. वीस लिटरची टाकी, दोन सिलिंडर, वागायला सभ्य. पण तिच्या एका टायरच्या किमतीत स्प्लेंडरचं वर्षाचं बघून होतं. त्या गाडीकडं मी लांबून बघतो.

फिरून फिरून गाडी रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ वर येते. सीट ८०० मिलिमीटर, माझे पाय टेकतात, हा तिचा पहिला गुण आणि माझ्या मते शेवटचाही तोच. ताकद २४ च्या आसपास अश्वशक्ती, वजन १९९ किलो, म्हणजे ती पळत नाही, चालते. माझंही वय पळायचं नाही. २०२० नंतरची बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली बघायची, मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय) बंद करता येतो ती. २०२३ ला नवी ४५० आल्यापासून ४११ विकणारे वाढलेत, हे बरं झालं.

यातल्या निम्म्या गाड्या "लडाख केलेल्या" असतात. निपाणीला एकानं टाकीवरचा स्टिकर दाखवला : खारदुंग ला, १८,३८० फूट. गाडीचं तेच पुण्य, म्हणून पंधरा हजार जास्त. मी म्हटलं, त्या खिंडीची उंची जीपीएसनं मोजली, तर ५,३५९ मीटर भरते, म्हणजे १७,५८२ फूट. स्टिकरच आठशे फूट खोटा, तर मीटरवर विश्वास कसा ठेवायचा? तो गडबडला. पंधरा हजार तिथल्या तिथं उतरले. माझं संशोधन कामाला आलं ते एवढंच. पुढं टायरवरचा चार आकडी शिक्का वाचला, तर टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला, आणि गाडी म्हणे २०२१ ची. गाडीच्या आधी जन्मलेला टायर बघून मेस्त्रीनं माझा हात धरून मला बाहेर आणलं.

आता हुबळीच्या एका गृहस्थाशी बोलणं चालू आहे. हिमालयन, केए पासिंग, फर्स्ट ओनर, बँकेचा बोजा उतरलेला. मेस्त्रीनं बजावलंय, इंजिन गार असताना सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा व्हिडिओ मागव, आधीच तापवून ठेवली तर काही कळत नाही. मी माझ्या मोडक्या कन्नडात मागितला. त्यांनी "आयतु री", म्हणजे बरं, असं म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी बरोब्बर सहाला फोन वाजतो, मी धडपडत उठून उघडतो, आणि दवबिंदू पडलेल्या गुलाबाखाली 'शुभोदय' लिहिलेलं असतं.

काल जोडीला दोन मोर होते.