मासा कोळ्यांनी संपवला म्हणे!

एक मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. मुंबईच्या समुद्रातला मासा कोळ्यांनीच हावरटपणाने संपवला, पावसाळी बंदी ते पाळत नाहीत, पिल्लंसुद्धा सोडत नाहीत, म्हणून कोळीवाड्यांची मासेमारी बंद करा आणि मत्स्यशेती सुरू करा. मी कोळीवाड्यातलीच, डोकं तापलंय, पण एकेक मुद्दा बघूच.

आधी हावरटपणा. वर्सोवा-मढकडे बरेच जण डोलीवर जातात. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, ते माशाच्या मागे धावत नाही, भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे आत येईल ते आपलं, बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याला ओढच कमी, मग जाळ्यातही कमी. मासा हुडकत फिरतात ते ट्रॉलर, समुद्राचा तळ खरवडत, आणि पर्ससीनवाले, जे अख्खा थवा घेरून उचलतात. आमच्यात ट्रॉलरवाले आहेत की, नाही कोण म्हणतंय, पण 1950च्या दशकापासून देशभर यांत्रिक बोटी घ्या म्हणून सरकारच मागे लागलं होतं ना! पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिवे लावून मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, आणि या दोन्हींची अंमलबजावणी करा म्हणून ओरडतंय कोण, तर हेच लहान मच्छीमार.

बंदी पाळत नाहीत म्हणे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी काढायची रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे आणि बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा ही मागणी मच्छीमारांच्याच संघटना करत आल्यात. चोरून जाणारे असतात, त्यांना पकडा ना.

पिल्लांचा मुद्दा मात्र खरा आहे. डोलीची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक, जवळा पकडायचा तर तशीच लागते, त्यात पापलेटची पिल्लं येतात आणि त्यावरून पालघरकडच्या सातपाटीचे मच्छीमार कित्येक वर्षं भांडतायत. म्हणजे कोळीच कोळ्यांना अडवतायत, हे मेसेजवाल्याला माहीतच नाही. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेटला 135 मिलिमीटर, आणि त्याच वर्षी त्याला राज्यमासाही केलं. आता तळहाताएवढी पापलेटं तव्यावर छान बसतात म्हणून मागून घेणारं गिऱ्हाईक कोण, तेही जरा बघा.

आणि मेसेजमध्ये सांडपाण्याचा एक शब्द नाही! शहराचं मैलापाणी नीट प्रक्रिया न होता खाड्यांत जातं, म्हणून तर सात नव्या केंद्रांचं काम काढावं लागलं, रोज 2,464 दशलक्ष लिटरची. मासा ज्या खाडीत, कांदळवनात वाढतो तिथेच ही घाण आणि भराव. वरळीत कोस्टल रोडच्या दोन खांबांमधून आमच्या बोटी जाणार कशा हे सांगायलाही आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे 60 मीटरचं अंतर 120 झालं.

राहिली मत्स्यशेती. कोळंबीच्या तलावात जे खाद्य टाकतात त्यात फिशमिल, म्हणजे सुकवलेल्या मासळीची पूड असते, ते बऱ्याचदा समुद्रातल्याच बारीक मासळीचं, म्हणजे परत जाळं समुद्रातच. आणि बोंबलाचं काय, तो कुठल्या तळ्यात वाढवणार?