गिरणीच्या भिंती कुणाच्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सोलापूरच्या जुन्या तटाबाहेरच्या इमारतींवर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही ‘एक सोलापूरकर’ या नावाने दिलेली प्रतिक्रिया मी तीन-चारदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुरारजी पेठ भर गावात आहे, तिला उपनगर म्हणणं चूक. गिरण्यांच्या भिंतींसाठी हळहळणाऱ्यांना त्या भिंतींच्या आत खोकून खोकून गेलेली माणसं दिसत नाहीत. तुमचे आजोबा साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांच्या विभागात, होते आणि गिरणीवर बुलडोझर फिरला तेव्हा तुमच्या घरात कुणाला वाईट वाटलं नाही. आणि ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे असल्या गोष्टींवर पैसा घालणं हे भरल्या पोटाचं बोलणं आहे.

आधी तुमच्या आजोबांविषयी. त्या लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं, ‘गिरणीमालकांनी हे शहर घडवलं.’ ते वाक्य चुकलं. ते मी मागे घेतो आणि मूळ लेखातही दुरुस्ती करतो आहे. जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, 1877 साली सुरू झाली. ते साल नुसतं पाठ करून चालत नाही. 1876 ते 1878 हा मोठ्या दुष्काळाचा काळ, आणि सोलापूर जिल्हा त्यात पार होरपळला होता. रेल्वे 1860 मध्येच इथवर आलेली, कापूस आसपास पिकणारा, भांडवल मोरारजी गोकुळदासांसारख्या मुंबईच्या शेठचं. आणि दाराशी आलेली माणसं शेतं करपलेली, मिळेल त्या मजुरीला तयार. मालकाने इमारत बांधली हे खरं, पण ती चालली या माणसांवर. हे मी लिहायला हवं होतं.

पण म्हणूनच ती इमारत नको, हे तुमचं पुढचं पाऊल मला पटत नाही. का, ते सांगतो.

गिरणीचं छप्पर आठवा. करवतीच्या दात्यांसारखं, एकामागून एक उतरतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. आपल्याकडे सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेच्या अंगाने जातो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन थेट आत येत नाही, नुसता सारखा उजेड येतो. त्या उजेडात तुटलेला धागा सावलीशिवाय दिसतो. आता त्याच खोलीतली हवा. सोलापूरची हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या आणि आत पाण्याचे बारीक फवारे सोडायचे. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत दमट कोंडमारा आणि त्यात तरंगणारा कापसाचा बारीक तूस. तो तूस वर्षानुवर्षं छातीत गेला की जो रोग होतो त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुरुवातीला त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होतो: आदल्या दिवशी बरं वाटलेलं असतं, पुन्हा खात्यात शिरलं की छाती आवळते. पुढे मग तो रोजचाच होतो. तुमच्या आजोबांचा खोकला ज्याने दिला तो हाच असेल, आणि तो त्या छपराशी, त्या बंद खिडक्यांशी बांधलेला आहे. धाग्याची काळजी घेणारी खोली माणसाची काळजी घेत नव्हती, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला मी कुठे नेऊन उभं करू? पुस्तकात वाचून ते कळत नाही. त्या दात्यांखाली उभं राहिलं की कळतं. छप्पर पाडलं की मालकाचं काहीच जात नाही. त्याचं नाव पेठेला लागलेलंच आहे. जातो तो आजोबांच्या बाजूचा पुरावा.

याच गिरणीचा फाटक 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हातात घेतला, त्याचा कायदा झाला, आणि एका भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. 1950 च्या डिसेंबरमध्ये लागलेला तो निकाल समतेच्या हक्कावरचा सुरुवातीचा मोठा निकाल म्हणून देशभरातली कायद्याची मुलं आजही वाचतात. सोलापूरच्या किती मुलांना माहीत आहे की ते प्रकरण आपल्या मुरारजी पेठेतलं? मला स्वतःला ते फार उशिरा कळलं.

आता उपनगराचं. मुरारजी पेठ आज भर गावात आहे, अगदी मान्य. पण गिरणी तिथे आली तेव्हा गाव तटाच्या आत होतं आणि तो तट पाडायला 1872 च्या सुमारास नुकती कुठे सुरुवात झाली होती. तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस ही नावं आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. त्या वेशींच्या बाहेर जे होतं ते त्या काळचं उपनगरच. स्टेशन बाहेर, गिरण्या बाहेर, छावणीलगतचा सदर बाजार बाहेर. आप्पासाहेब वारदांचा वाडा, इंद्रभुवन, तोसुद्धा जुन्या गावाच्या बाहेरच उभा राहिला. सेटलमेंट तर कुंपणाच्याही आत: गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबायचं, हजेरी घ्यायची आणि तिथूनच माणसं गिरणीत कामाला धाडायची. ज्याच्या जोरावर हे चाललं तो गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. 1992 ची हद्दवाढ आपल्या डोळ्यांसमोर झाली, म्हणून ‘हद्दवाढ भाग’ म्हटलं की आपल्याला फक्त नवी कॉलनी आणि खड्ड्यांचे रस्ते दिसतात. पण या गावाची हद्द सारखीच वाढत आली आहे, आणि प्रत्येक वेळी जुन्या हद्दीबाहेर आधी पोचली ती कामाची जागा. माणसं तिच्यामागून गेली. माझा सगळा लेख एवढंच सांगायला होता.

पैशाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. माझ्याही घरी पिंप भरून ठेवावी लागतात. पण इंद्रभुवन बघा. एका श्रीमंत माणसाचा दगडी वाडा, आज महापालिकेची इमारत. अलीकडे तिची डागडुजी झाली, आणि त्यासाठी कुणाला तिकीट लावून संग्रहालय करावं लागलं नाही. वापरात असलेली इमारत स्वतःचा खर्च काही अंशी तरी काढते. कुलूप लागलेली मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी मरते. आणि पुष्कळदा नुकसान पैसे नसल्यामुळे होतच नाही. गावातल्या एका जुन्या सार्वजनिक इमारतीची दुरुस्ती मी जवळून पाहिली. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, वर ऑइलपेंट. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून धरतं. दोन पावसाळ्यांत रंगाचे फुगे आले. मी अंगठ्याने एक दाबला तर आतून ओला भुगा सांडला. मी लेखी तक्रार दिली, पोच मिळाली, पुढे काही नाही. तो पैसा खर्च झालाच होता, तुमचा आणि माझा. चुन्यात काम केलं असतं तर भिंत तरी राहिली असती.

आणि सगळं जतन करा असं मी म्हणतच नाही. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडल्यावर ज्या कामगारांची देणी अडकली त्यांना आधी पैसे, मग दगड-विटा. यात माझं दुमत नाही. मागणी एवढीच की पाडण्याआधी मोजमाप घ्या, फोटो घ्या, एक चिमणी, एक फाटक, छपराचे चार दाते ठेवा. नव्या घरांच्या मधोमध ते उभे राहू शकतात.

पूर्व भागातला एक जुना कारखाना मी गेल्या महिन्यात पाहिला. खाली माग, वर बिऱ्हाड, अशी पद्मशाली विणकरांची नेहमीची बांधणी. माग कधीच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. फरशीत मात्र खड्डामागाचा खड्डा सिमेंटने बुजवलेला ओळखू येतो, लांबट चौकोन, विणकराचे पाय जिथे लोंबायचे तिथे. त्या चौकोनावर पोतं अंथरून घरातल्या मावशी विड्या वळत होत्या. मी विचारलं, इथेच का बसता? म्हणाल्या, ‘इथं उजेड चांगला येतो ना.’ सासऱ्यांनी माग बसवताना उजेड बघूनच जागा धरली होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्या घराची नोंद कुठल्याच वारसा यादीत मला सापडली नाही.

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा हजेरीचा बिल्ला अजून घरात आहे. तो फेकला नाहीत. जमलं तर एखाद्या रविवारी सकाळी तो घेऊन या, आपण मुरारजी पेठेत भेटू. त्यांचं खातं नेमकं कुठे होतं, कुठल्या फाटकातून आत जायचे, भोंगा झाला की घरातून किती वाजता निघायचे, जे घरात सांगितलं गेलं असेल ते मला लिहून घ्यायचं आहे. त्यांचं नाव छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.