कयाकनं खवळत्या नदीत उतरायला तुम्ही कधीचेच तयार आहात!

टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात राहून ज्यानं गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं हाकायची अरुंद बोट बांधली, त्याला तयारीचं काय विचारायचं? कोलाडला कुंडलिकेवर राफ्टमध्ये बसून आलात ना? राफ्ट गाईड वळवत होता हे कुणाला सांगायचं नाही. आता थेट चौथ्या ग्रेडचं पाणी गाठा (पहिला ग्रेड सोपा, सहावा जीवघेणा).

रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, तर तुम्हाला येतोच. नाथसागराच्या संथ पाण्यात, नाकाला चिमटा लावून, स्वतः ठरवून उलटता आणि दहातून सात वेळा सरळ होता. लाट बहुधा कच्च्या बाजूला आणि अर्ध्या श्वासात उलटवते, पण तेवढं चालायचंच. वर येताना आधी डोकं काढायची सवय असेल तर ती मुळीच मोडू नका. डोकं आधी आलं की कंबरेचा झटका बसत नाही आणि बोट पुन्हा पालथी होते. एका पैशात दोन बुडक्या!

दुसऱ्या ग्रेडच्या पाण्यात ठरवलेल्या खडकामागच्या एडीत, म्हणजे आडोशाच्या संथ भोवऱ्यात, शिरता येतं का, हे तपासणं रिकामटेकड्यांचं काम. तिथून प्रवाहात निघताना बोट प्रवाहाच्या दिशेनं कलती ठेवायची असते, म्हणे. तुम्ही उलटीकडे कला. बोटीच्या, प्रवाह येतो त्या बाजूच्या कडेवर पाणी चढलं की बाकीचं ते बघून घेतं.

लांब जायला सुट्टी नसेल तर ऑगस्टात भरून वाहणारा बंधारा आहेच. वरून गुळगुळीत, दोन मीटरसुद्धा उडी नाही. पायथ्याशी मात्र पाणी तळाला जातं, वर येतं आणि परत भिंतीकडे ओढतं. तेही या काठापासून त्या काठापर्यंत सलग, म्हणजे बाजूनं निसटायची सोय नाही. फेसात हवाच जास्त, त्यामुळे लाइफ जॅकेटही धड उचलत नाही. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडवर मुरलेली माणसं इथं मुकाट उतरतात आणि बोट खांद्यावर घेऊन काठानं चालतात. भित्री कुठली!

पुढे पुरात आडवी पडलेली वेडी बाभूळ भेटेल. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. बोटीबाहेर पडलात तर मांडीभर पाण्यात ताठ उभे राहा. पाय कपारीत गुंतला की प्रवाह स्वतः वाकवतो. पाठीवर पडून, पाय वर आणि पुढे ठेवून वाहत जाणं कसं दिसतं चारचौघांत?

कमरेभोवती बसून बोटीचं तोंड झाकणाऱ्या स्प्रे स्कर्टचा, सुटकेसाठी ओढायचा पट्टा आत खोचा, नीटनेटकं दिसतं. काठावर उतरून रॅपिड, म्हणजे पुढचा खवळता टप्पा, बघत बसू नका. पाणी वाढलं की त्याच टप्प्याचा ग्रेड बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा व्हिडिओ पुरेसा. वाहून चाललेल्याकडे फेकायची वीस मीटर दोराची पिशवी, म्हणजे थ्रो बॅग, डिकीतच राहू द्या. आणि जोडीला असा मित्र घ्या, ज्याला ती फेकता येत नाही, पण शूटिंग झकास येतं.